जयवंतरावांनी कापलेला तुकडा

जयवंतराव आणि मी बडोद्याला प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात एकाच शेडमध्ये जन्म काढला. तिथल्या रेल्वे क्वार्टर्समध्येही शेजारी, आणि निवृत्त झाल्यावर गोत्री भागात फ्लॅट घेतले तेही समोरासमोर. त्यांचं दार उघडं असलं की मला त्यांचा देव्हारा दिसतो, माझं उघडं असलं की त्यांना माझा टीव्ही. तेव्हा मी जे सांगणार आहे ते ऐकीव नाही. त्यांच्यावर मी रागावलेलो आहे, आणि तो राग लपवत बसण्याचं माझं वय राहिलेलं नाही.

तसा माणूस लाखात एक. वर्कशॉपात ते तपासणीला होते. दुरुस्त होऊन आलेला भाग मापाला लावायचा, बरोबर असेल तर त्यावर आपल्या नंबरचा पंच हातोडीने ठोकायचा, आणि मगच तो गाडीखाली जायचा. घाईच्या दिवसांत साहेब डोक्यावर येऊन उभे राहत. "राव, मारा ना पंच, काय एवढं बघायचंय त्यात?" म्हणत. राव ढिम्म हलत नसत. सुटीचा भोंगा झाला की आम्ही हात धुऊन सायकलींकडे पळायचो आणि हे आपले फडकं घेऊन टेबलावरचा लोखंडाचा कीस टिपत बसलेले. कापलेलं, उरलेलं काही म्हणून मागे राहू द्यायचं नाही, ही त्यांची खोड. मी त्या खोडीची फार थट्टा केली आहे. आता थट्टा करवत नाही.

त्यांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. घोडी गेली, तलवारी गेल्या, मानपान गेला. दोन गोष्टी मात्र घरात टिकून राहिल्या. एक अष्टमीचा होम आणि दुसरी आईसाहेबांची रीत.

आईसाहेब म्हणजे जयवंतरावांच्या आई, कुसुमावती. वय ऐंशीच्या पुढे. लग्न होऊन आल्या तेव्हापासून परक्या पुरुषापुढे उघड्या डोक्याने आल्या नाहीत. गॅसवाला आला, वीज मीटर बघणारा आला, की पदर पुढे ओढून आत जायच्या. परका म्हणजे कोण, तर मीसुद्धा. त्यांच्या हातचं किती जेवलो याला गणती नाही, पण त्यांचे केस काळे की पांढरे हे विचारलंत तर मला सांगता आलं नसतं.

आणि अष्टमीच्या होमाला बाहेरचं माणूस चालत नाही. गुरुजीही नाहीत. घरातला कर्ता पुरुष स्वतः होम करतो, दार आतून बंद असतं आणि अग्नी शांत होईपर्यंत घरातल्या कुणी उंबरा ओलांडायचा नाही. मला दुसऱ्या दिवशी खोबऱ्याचा तुकडा मिळतो. इतक्या वर्षांच्या शेजाराचं तेवढंच फळ, असं मी त्यांना चिडवायचो.

गेल्या नवरात्रात प्रथमच त्या होमाचा व्हिडिओ काढला गेला. जयवंतरावांची मुलगी वैष्णवी नोकरीसाठी हैदराबादला गेली होती आणि होम चुकणार म्हणून फोनवर रडली होती. जयवंतरावांनी आईसाहेबांची परवानगी काढली. त्या म्हणाल्या, "वैष्णवीपुरताच. चार परक्या पुरुषांनी बघायचं नाही." जयवंतरावांनी शब्द दिला, फोन देव्हाऱ्याशेजारच्या फडताळावर टेकवून ठेवला आणि होमाला बसले. शेजारी बायको स्नेहलतावहिनी, मागे मुलगा समरजित.

त्याच रात्री साडेनवाच्या सुमाराला आमच्या सोसायटीमागच्या गरब्याच्या मैदानात मारामारी झाली. एका तरुण पोराला भोसकलं. दसऱ्याच्या दिवशी ते पोर दवाखान्यात दगावलं. फिर्यादीत जी चार-पाच नावं आली त्यांत समरजितचं नाव होतं. कारण काय, तर आदल्या दिवशी मैदानाच्या गेटवर बाईक लावण्यावरून याची आणि त्या पोराची चारचौघांत जुंपली होती. गर्दीतल्या एकाने सांगितलं, निळ्या कुडत्यातला तोही होता. नवरात्रात बडोद्यात निळा कुडता न घातलेला मुलगा शोधून दाखवावा.

पोलीस दसऱ्याच्या दुपारी आले. "काका, पूछपरछ माटे लई जईए छीए," चौकशीला नेतोय, एवढंच म्हणाले आणि समरला घेऊन गेले. तो काही संध्याकाळी परत आला नाही.

मी आणि माझी बायको सुहासिनी तेव्हा नाशिकला मुलीकडे होतो. बातमी कळली तसे परत आलो. मला वाटलं, घर कोसळलेलं असेल. जयवंतरावांनी दार उघडलं, चेहरा ओढलेला होता, पण आवाज खणखणीत.

"गजेंद्रभाई, चिंता करू नका. माझ्याकडे व्हिडिओ आहे ने."

त्यांनी मला तो दाखवला. अशा रीतीने होम शेवटी मी पाहिला, वीतभर फोनच्या काचेतून. अग्नी पेटलेला, राव मंत्र म्हणतायत, वहिनी तूप घालतायत, आणि त्यांच्या मागे समर मांडी घालून बसलेला, निळ्या कुडत्यात. मागे दुरून गरब्याचे ढोल ऐकू येत होते. शेवटी आरती. मी म्हटलं, देवीच पावली म्हणायची. पोरगा घरात बसलाय हे आंधळ्यालाही दिसेल.

खरं तर आणखी काही हाताशी नव्हतंच. समरचा फोन घरात होता, पण मैदान आणि आमची इमारत एकाच मोबाइल टॉवरखाली येतात. सोसायटीच्या गेटवरचा कॅमेरा गणपतीपासून बंद पडलेला. मी मीटिंगमध्ये त्यावरून घसा फोडला होता, कुणी ऐकलं नाही. आणि साक्षीदार म्हणाल तर दार आतून बंद. आई, बाप, आजी. घरच्यांच्या साक्षीला वजन किती, ते आम्हाला लवकरच कळलं. सगळी मदार त्या व्हिडिओवर होती.

वकील मृदुला, रावपुऱ्यात जिना चढून वर तिचं ऑफिस. हुशार मुलगी, बोलायला तोडून टाकणारी, पण मनाने चांगली. मी स्कूटरवर रावांना मागे बसवून नेलं. तिने व्हिडिओ पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, ओरिजिनल आहे ना हा?"

"एकदम ओरिजिनल. माझ्याच फोनवर काढलेला."

मग तिने समजावून सांगितलं. कोर्टात अशी फाइल द्यायची तर तिच्याबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं, की ही फाइल अमुक फोनवर तयार झाली आणि तिच्यात काही बदल केलेला नाही. त्यात फाइलचा ठसा लिहायचा. कॉम्प्युटर त्या फाइलमधून आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ काढतो, आणि फाइलमध्ये कणभर जरी फरक झाला तरी ती ओळ सगळी बदलते. त्यामुळे नंतर कुणी हात लावला तर लगेच कळतं.

"म्हणजे आमचा पंच," जयवंतराव म्हणाले. त्यांना ते फारच पटलं. चष्मा लावून त्यांनी ती ओळ बोट ठेवून वाचली आणि खाली सही केली. उतरताना जिन्यात मला म्हणाले, "किती चोख काम आहे, पाहिलंत?"

मी मान डोलावली. मला काय माहीत!

फोन तपासणीला सरकारी प्रयोगशाळेत गेला. दिवाळी त्या घरात आली नाही. स्नेहलतावहिनी शनिवारी जेलच्या दारात रांगेत उभ्या राहायच्या, परत यायच्या आणि आल्या आल्या अंघोळीला जायच्या, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून. जयवंतराव मात्र ताठ. "रिपोर्ट येऊ दे," म्हणायचे. समरच्या खोलीतली चादर त्यांनी बदलून ठेवली होती.

रिपोर्ट आला आणि जामीन फेटाळला गेला.

मी कोर्टात मागच्या बाकावर होतो. सरकारी वकिलांनी रिपोर्टमधलं वाचून दाखवलं: हा व्हिडिओ सलग नाही. मधला भाग कापून दोन तुकडे जोडलेले आहेत. ही फाइल अष्टमीच्या रात्री तयार झालेली नसून, आरोपीला अटक झाल्यानंतर तयार झालेली आहे. आणि जोडाच्या अलीकडे मागे ढोलाचा आवाज आहे, पलीकडे एकदम शांतता, म्हणजे हे दोन तुकडे दोन वेगवेगळ्या दिवशी काढलेले असू शकतात. मग ते आमच्याकडे वळून म्हणाले, हा पुरावा घरी बसून तयार केलेला आहे, आणि खोट्या प्रमाणपत्रावर आरोपीच्या वडिलांची सही आहे.

जयवंतराव उभे राहिले. त्यांना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. "साहेब, खोटं नाही ते," म्हणाले. शिपायाने त्यांना खाली बसवलं. पिंजऱ्यातून समर बापाकडे पाहत होता. रागाने नव्हे, त्याला काही कळतच नव्हतं. ती नजर मला अजून झोपू देत नाही.

रावपुऱ्यात ऑफिसात गेल्यावर मृदुलाने दार लावून घेतलं.

"काका, काय काढलंत तुम्ही त्यातून?"

"काही नाही गं. मधला थोडासा भाग. समर आधीही दिसतो, नंतरही दिसतो."

"मी विचारलं होतं ना, ओरिजिनल आहे का?"

"ओरिजिनलच आहे. मी त्यात काही घातलं नाही. फक्त काढलं."

मृदुलाने डोकं धरलं. मलाही वाटलं यांना गदागदा हलवावं. आयुष्यभर दुसऱ्याच्या कामावर पंच मारायला नकार दिलेल्या माणसाने स्वतःच्या कामावर डोळे मिटून पंच मारला होता.

"पण काढलंत कशाला?" मी ओरडलो.

त्यांनी मान खाली घातली. मग तुटक तुटक सांगितलं. होम चालू असताना आईसाहेब आतल्या खोलीतून घाईने बाहेर आल्या होत्या. उकाड्याने पदर खांद्यावर होता, डोकं उघडं. अग्नीसमोर येऊन त्या काहीतरी विचारत उभ्या राहिल्या, आणि ते सगळं फोनने टिपलं. आता हा व्हिडिओ कोर्टात जाणार, पोलीस बघणार, वकील बघणार. आईसाहेबांना शब्द दिलेला. म्हणून त्यांनी इंटरनेटवर बघून बघून तेवढा भाग, चुकून डोकं दिसू नये म्हणून थोडा आधीपासूनच, कापला, बाकीचं जोडलं, आणि फोनने विचारलं की जुन्यावर सेव्ह करू का, तर हो म्हटलं. कापलेलं पुन्हा कुणाच्या हाती लागू नये म्हणून फोनची कचरापेटीही रिकामी केली. टेबल पुसून ठेवलं, नेहमीसारखं.

मृदुलाने विचारलं, "आजी बाहेर कशाला आल्या होत्या? काय विचारत होत्या?"

"गरबा थांबला एकदम. ढोल बंद पडले. त्या घाबरल्या, म्हणाल्या, काय झालं रे? समर उठला, त्याने त्यांना हाताला धरून बसवलं. म्हणाला, काही नाही आजी, लाइट गेली असेल मैदानात."

मृदुलाने त्यांच्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. आमच्या दोघांच्याही लक्षात एकदमच आलं. जयवंतरावांच्या आलं नव्हतं.

"काका," ती फार हळू बोलली, "गरबा का थांबला होता, माहीत आहे ना? मारामारी झाली म्हणून थांबला. आयोजकांनी सगळा कार्यक्रम लाइव्ह दाखवला होता. कुठल्या गाण्यात, कुठल्या ओळीवर ढोल बंद झाले, ते त्यात वेळेसकट आहे. तुम्ही कापलेल्या तुकड्यात तीच ओळ तिथेच तुटते आणि पुढच्याच क्षणी समर उठून आजीचा हात धरतो. न जोडलेल्या, सलग फाइलमध्ये हे मिळालं असतं तर मला कुणाच्या साक्षीची गरज नव्हती. जगात कुणी नाही म्हणू शकलं नसतं."

जयवंतरावांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि तो हात मांडीखाली दाबून बसले. मी त्यांना पाणी दिलं ते त्यांनी डाव्या हाताने घेतलं.

फोनमधून तो तुकडा परत काढता येईल का, हे मृदुलाने प्रयोगशाळेला विचारलं. नाही. पुसलेली जागा फोन पुन्हा वापरतो, आणि त्या जागेवर दुसरं भरलं गेलं होतं. काय भरलं होतं? केसचे कागद. फिर्याद, पंचनामा, रिमांडचे अर्ज, प्रत्येक पानाचे जयवंतरावांनी दोन दोन फोटो काढून ठेवले होते. काही हरवू नये म्हणून.

एक आशा राहिली होती. वैष्णवी! होमाच्या रात्रीच त्यांनी तिला सगळाच्या सगळा व्हिडिओ पाठवला होता. माझ्याच घरातून, माझ्याच फोनवरून त्यांनी तिला फोन लावला; घरात आईसाहेब ऐकतील म्हणून. स्पीकर चालू होता.

"वैशू, अष्टमीचा व्हिडिओ तुझ्याकडे आहे ना? पहिला, मोठा?"

"पप्पा, तुम्हीच सांगितलंत ना दुसऱ्या दिवशी सकाळी. आजीचं डोकं उघडं दिसतंय, डिलीट कर, माझ्या डोळ्यांदेखत कर. मी व्हिडिओ कॉलवर तुम्हाला दाखवून डिलीट केला."

"कुठे दुसरीकडे ठेवला नव्हतास? मैत्रिणीला वगैरे पाठवला..."

"तुम्ही शपथ घातली होतीत, पप्पा."

फोन ठेवल्यावर ते माझ्या सोफ्यावर बसून राहिले. मुलीने एकदा, फक्त एकदा बापाचं ऐकलं नसतं तर! सुहासिनीने चहा आणला तो गार होऊन गेला. मग ते म्हणाले, "गजेंद्रभाई, मी घरातल्या सगळ्यांना फार चांगली शिस्त लावली." मला रागही आला आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही.

त्यानंतर तो माणूस बघता बघता खचला. सकाळी दाढी करेनात. आधी दाराबाहेरच्या चपला रांगेत लावायचे, त्यांवर पाय देऊन जायला लागले. एकदा जेलमध्ये भेटीला गेले तेव्हा समरने काचेपलीकडून विचारलं, "पप्पा, व्हिडिओचं काय झालं? का मानत नाहीत?" हे म्हणाले, "टेक्निकल आहे काहीतरी." खोटं बोलले. मुलाला सांगायची हिंमत झाली नाही. घरी येईपर्यंत स्कूटरवर माझ्या पाठीला डोकं टेकून होते आणि माझा शर्ट ओला होत होता.

आता वरती हायकोर्टात जायचं होतं. मृदुलाने एक शेवटचा प्रयत्न करायचं ठरवलं. आईसाहेबांचा जबाब पोलिसांनी घरी येऊन, कॅमेऱ्यासमोर नोंदवावा, असा तिने अर्ज दिला. तुकडा का कापला हे निदान कुठेतरी लिहिलं जाईल, म्हणाली. त्यावर लगेच जामीन होईल असं नाही, हेही तिने सरळ सांगितलं.

म्हणजे आता आईसाहेबांना सगळं सांगणं भाग होतं. तोवर त्यांना एवढंच माहीत होतं की नातू जेलमध्ये आहे आणि कोर्ट ऐकत नाही. जयवंतरावांनी मला बरोबर नेलं. मी आलो तशा त्या रिवाजाप्रमाणे पदर पुढे ओढून बसल्या.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, "त्यात मी आहे का कुठे?"

"नाही आईसाहेब. मी तुम्हाला काढलं."

"का?"

"डोक्यावर पदर नव्हता. तुम्हाला शब्द दिला होता."

"ढोल थांबले म्हणून मी आले. समरने माझा हात धरला."

"हो."

"तेही काढलंस?"

"हो."

आईसाहेब म्हणाल्या, "अरे जयवंता, मला विचारायचंस तरी. माझं डोकं नातवाच्या मानेपेक्षा मोठं आहे, असं मी तुला कधी सांगितलं होतं का?"

जयवंतराव लहान मुलासारखे त्यांच्या पायांशी वाकले आणि हुंदके देऊन रडले. साठी उलटलेला बाप्या. आईसाहेबांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला नाही. त्यांचे दोन्ही हात मांडीवर तसेच पडून होते. स्नेहलतावहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्याही पुढे आल्या नाहीत.

पोलीस दोन दिवसांनी आले. एक अधिकारी आणि एक हवालदार, दोघेही गुजराती, दोघेही अदबीने वागणारे. बूट दाराबाहेर काढले. मृदुला आली होती. मी पंच, म्हणजे साक्षीदार म्हणून हजर होतो. दार उघडंच ठेवलं होतं.

हवालदाराने फोन एका स्टँडवर लावला. अधिकारी म्हणाले, "बा, आराम थी बेसो. निवांत बसा आजी, मराठीत बोला, मला समजतं. त्या रात्री काय झालं, तेवढं सांगा."

आईसाहेब आतून आल्या, खुर्चीवर बसल्या आणि दोन्ही हातांनी डोक्यावरचा पदर मागे सारला. तो खांद्यावर पडला.

त्यांचे केस मी पहिल्यांदा पाहिले. पांढरे, विरळ, मधल्या भांगात कातडी दिसत होती. मी मान वळवली, ते माझ्याच्याने बघवेना. जयवंतराव धडपडत पुढे झाले आणि सवयीने त्यांनी पदर उचलून परत आईच्या डोक्यावर ठेवला.

आईसाहेबांनी त्यांचा हात झटकला. "हात लावू नकोस. एकदा झाकलंस तेवढं पुरे." आणि त्या फोनकडे वळल्या. "घ्या साहेब, करा सुरू. त्या दिवशी मी अशीच आले होते."

त्यांनी सगळं सांगितलं. ढोल कसे थांबले, त्या कशा उठल्या, समरने कुठला हात धरला, काय म्हणाला. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. अधिकाऱ्यांनी कधी पदर सरकला, कुठे बसलात, असं चार वेळा फिरवून विचारलं, त्या तेच सांगत राहिल्या.

शेवटी त्यांनीच विचारलं, "साहेब, आता तर मानतील ना?"

अधिकारी फोन स्टँडवरून काढत होते. त्यांना खोटं बोलवलं नाही, हे मी त्यांच्याविषयी चांगलं म्हणेन. "बा, तमे तो दादी छो. कोर्टात म्हणतील, दादी असंच सांगणार. तो व्हिडिओ असता तर..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. जयवंतरावांकडेही पाहिलं नाही. बूट घालून दोघे खाली गेले, मृदुला त्यांच्यामागे काहीतरी विचारत गेली.

मी उठून दार लावायला निघालो. जिन्यावरून वरच्या मजल्याचे लोक जात-येत होते, पार्सलवाला उभा होता, सगळे आत बघत होते. आईसाहेब म्हणाल्या, "राहू द्या गजेंद्रभाई, उघडंच असू द्या." आणि त्या तशाच बसून राहिल्या. पदर घेतला नाही. तो उचलून घालायची जयवंतरावांची छाती झाली नाही, माझीही झाली नाही.